शिंगराचे पहिले पाच महिने

घोडी अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्रीच विते. शिंगरू जमिनीवर आलं की तास-दीड तासात ते चार पायांवर उभं राहतं. आधी दोन-चारदा कोसळतं, पुन्हा उठतं आणि आचळ शोधू लागतं. दुसऱ्या दिवशी ते आईच्या बरोबरीने धावतं. त्या वेळी त्याचं अंग आखूड दिसतं आणि पाय भलतेच लांब, कारण पायांची बहुतेक लांबी त्याने आईच्या पोटातच कमावलेली असते. उघड्या माळावर, लांडग्यांच्या टप्प्यात जगत आलेल्या जनावराला निवांत बाळपण परवडणारं नव्हतं. कळपाबरोबर पळू न शकलेल्या शिंगराचा वंश मागे उरला नाही.

कुरणावर वाढणाऱ्या शिंगराकडे पहिल्या महिन्यात लक्ष देऊन पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ते बराच वेळ आडवं पडून झोपतं, उठून दूध पितं आणि मग काही कारण नसताना चौखूर उधळतं. आईभोवती मोठा फेर घेतं, अचानक थांबतं, वळतं, पुन्हा सुटतं. मागे कुणी लागलेलं नसतं, पुढे काही मिळवायचं नसतं. मुख्य पोषण आईच्या दुधाचं, अंग वाढायचं बाकी, आणि तरीही एवढ्याशा जिवाने एवढी शक्ती अशी उधळून द्यावी, हे निसर्गाच्या हिशेबात कसं बसतं? गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नाचं जे उत्तर जमा झालं आहे, ते जनावर पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. शिंगराच्या त्या उधळण्यातून त्याचे सांधे घडत असतात, आणि ते घडवायला मिळालेली मुदत फार थोडी असते.

उत्तराचा मोठा भाग नेदरलँड्समधून आला. तिथे खेळासाठी, उड्यांच्या स्पर्धांसाठी वॉर्मब्लड जातीचे घोडे पैदा करतात. या घोड्यांमध्ये एक दुखणं फार: वाढत्या वयात सांध्यातल्या कूर्चेखाली हाड नीट तयार होत नाही, कधी त्याचा तुकडा सुटून सांध्यात फिरत राहतो आणि ऐन उमेदीच्या वयात घोडा लंगडायला लागतो. यात आनुवंशिकतेचा भाग किती आणि वाढवण्याच्या पद्धतीचा किती, यावर पैदासकार आणि पशुवैद्य बरीच वर्षं वाद घालत होते. काहीजण म्हणत, शिंगराला मोकळं सोडलं की ते वेड्यासारखं पळतं आणि कोवळे सांधे बिघडवून घेतं, त्यापेक्षा तबेल्यात सुरक्षित ठेवावं. थंडी, चिखल आणि जागेचे भाव पाहता तबेला सोयीचाही होता.

१९९० च्या दशकात उट्रेख्त विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी या वादाचा निकाल मोजमापाने लावायचं ठरवलं. आब बार्नेफेल्ड आणि रेने फान वीरेन ही त्यातली प्रमुख नावं. ४३ शिंगरं घेतली आणि जन्मानंतर आठवड्याभरात त्यांचे तीन गट केले. पहिला गट आईसह कुरणावर, दिवसरात्र मोकळा. दुसरा गट आईसह तबेल्याच्या खोलीत, चोवीस तास. तिसरा गटही तबेल्यातच, पण त्यांना रोज बाहेर काढून थोड्या अंतराच्या भरधाव दौडी करायला लावायच्या आणि पुन्हा खोलीत बंद करायचं. हे पाच महिने चाललं. मग काही शिंगरांची हाडं, कूर्चा आणि कंडरा तपासल्या. उरलेल्या सगळ्यांना एकत्र, सारख्याच मोकळिकीत अकरा महिन्यांचं होईपर्यंत ठेवलं. पाच महिन्यांत झालेलं नुकसान पुढच्या सहा महिन्यांत भरून निघतं का, हे त्यावरून कळणार होतं.

निकाल १९९९ मध्ये घोड्यांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका नियतकालिकाच्या खास पुरवणीत एकत्र आले. ज्या आजारासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्या एकूण प्रमाणावर गटागटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मोकळ्या सोडलेल्या शिंगरांना तो जास्त झाला असं काही दिसलं नाही. पण बाकीच्या नोंदी पाहिल्या की हा प्रयोग विसरता येत नाही. खोलीत बंद राहिलेल्या शिंगरांच्या हाडांत पाच महिन्यांना खनिजाची घनता कमी भरली आणि त्यांच्या कूर्चेची घडण मागे पडली होती. मोकळीक मिळाल्यावर बरंच काही भरून आलं. सगळं आलं नाही. कूर्चेतल्या कोलॅजेनच्या बांधणीतल्या काही उणिवा अकरा महिन्यांनाही तशाच होत्या.

तिसऱ्या गटाचं तर आणखी वाईट झालं. पाच महिन्यांना त्यांची स्थिती काही बाबतीत बरी वाटत होती. रोज पळवलं होतं, त्याचा परिणाम दिसत होता. पण अकरा महिन्यांना तपासलं तेव्हा त्यांच्या कूर्चेतल्या पेशींची उमेद खालावलेली होती. दिवसभर कोंडायचं आणि मधेच काढून भरधाव पळवायचं, हा मेळ कोवळ्या सांध्याला मानवला नव्हता. मला या सगळ्या प्रयोगातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस जनावराला व्यायाम देतो तो नेमका असाच: आपल्या सवडीने, थोडा वेळ, जोरात. कुरणावरचं शिंगरू दिवसाचे चोवीस तास हळूहळू हिंडत असतं आणि त्या हिंडण्यातच अधूनमधून उधळत असतं. त्याचा वेग आणि त्याची विश्रांती दोन्ही त्याचं ते ठरवतं.

पाच महिन्यांत झालेली काही हानी पुढे का भरून येत नाही, याचं कारण कूर्चेच्या घडणीत आहे. सांध्यात जिथे दोन हाडं एकमेकांवर घासतात, तिथे त्यांच्या टोकांवर या गुळगुळीत, लवचीक ऊतीचा थर असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात. थोड्या पेशी आणि त्यांच्याभोवती कोलॅजेनच्या तंतूंचं दाट जाळं, त्यात पाणी धरून ठेवणारे रेणू. सांध्यावर भार आला की पाणी दाबलं जातं, भार गेला की परत शोषलं जातं, आणि त्या ये-जा करणाऱ्या पाण्यातूनच पेशींना अन्न मिळतं. हालचाल थांबली की तो पुरवठा मंदावतो.

उट्रेख्तच्याच संशोधकांनी नवजात शिंगरांच्या खुराच्या वरच्या सांध्यातली कूर्चा तपासली. मोठ्या घोड्यात या सांध्याच्या मध्यभागी, जिथे सतत भार असतो, तिथली कूर्चा एका प्रकारची असते. कडेला, जिथे फक्त भरधाव दौडीत किंवा उडीनंतर टेकताना भार येतो, तिथली वेगळी. नवजात शिंगरात हा फरक जवळपास नसतोच. सगळीकडे कूर्चा एकसारखी, कोरी. पाच महिन्यांना फरक दिसू लागतो आणि वर्षाच्या आत तो प्रौढ घोड्यासारखा होतो. माळावर आधी वाट नसते. माणसं जिथून चालतात तिथे पायवाट पडते, तसंच हे. शिंगरू जसं चालतं, पळतं, वळतं, तसतसा सांधा कुठे काय लागणार आहे हे शिकतो आणि त्याप्रमाणे तंतूंची मांडणी होते.

ही मांडणी एकदा झाली की ती बदलत नाही, म्हणून त्या महिन्यांना एवढं महत्त्व. नेदरलँड्समधल्याच एका अभ्यासगटाने २००० मध्ये माणसाच्या कूर्चेतलं कोलॅजेन किती सावकाश बदलतं याचा हिशेब मांडला. त्यातलं निम्मं बदलायला ११७ वर्षं लागतील असं उत्तर आलं. त्वचेच्या बाबतीत हाच आकडा १५ वर्षांचा होता. म्हणजे माणसाच्या आयुष्यात हे कोलॅजेन व्यवहारात बदलतच नाही.

याचा पुरावा पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९५० आणि १९६० च्या दशकांत महासत्तांनी हवेत अणुचाचण्या केल्या, त्यामुळे वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ च्या करारानंतर अशा चाचण्या बऱ्याच थांबल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हा कार्बन वनस्पतींत जातो, तिथून अन्नात, अन्नातून शरीरात. त्यामुळे शरीरातला एखादा पदार्थ कोणत्या वर्षी तयार झाला हे त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. कोपनहेगनच्या कात्या हाइनेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये माणसाच्या टाचेवरच्या मोठ्या कंडरेचा गाभा या पद्धतीने तपासला. तो आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार झालेला निघाला आणि त्यानंतर त्याचं नूतनीकरण झाल्याची खूण सापडली नाही. २०१६ मध्ये त्यांनी गुडघ्याच्या कूर्चेबद्दलही हेच दाखवलं. संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यातही नवं कोलॅजेन तयार होत नव्हतं. पन्नाशीत गुडघा धरून बसणारा माणूस ज्या कूर्चेवर चालत असतो, ती त्याच्या बालपणी आणि किशोरवयात बनलेली असते.

सांध्याची ही गोष्ट खरं तर जन्माच्याही आधी सुरू होते. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ साडेतीन दिवसांचा असल्यापासून हलायला लागतो, हे व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९६० च्या दशकात काळजीपूर्वक नोंदवलं. १९६६ मध्ये ड्रॅकमन आणि सोकोलॉफ या दोघांनी गर्भातल्या पिल्लांचे स्नायू औषधाने लुळे केले, तेव्हा सांध्यातली पोकळी नीट तयारच झाली नाही. जिथे दोन हाडं वेगळी व्हायला हवी होती तिथे ती जुळून राहिली. कवचाच्या आतली ती चुळबुळ थांबली तर सांधाच घडत नाही.

नेदरलँड्सच्या प्रयोगाने कोंडण्याचा तोटा दाखवला. नेहमीपेक्षा जास्त व्यायाम दिला तर काय, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये सोडवला गेला. तिथल्या पामर्स्टन नॉर्थ गावच्या मॅसी विद्यापीठात एल्विन फर्थ, ख्रिस रॉजर्स आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी शर्यतीच्या थरोब्रेड जातीची ३३ शिंगरं घेतली. सगळीच कुरणावर जन्मलेली आणि कुरणावर वाढलेली. त्यातल्या निम्म्यांना अगदी कोवळ्या वयापासून दीड वर्षाची होईपर्यंत रोजच्या मोकळ्या फिरण्याव्यतिरिक्त गवताच्या धावपट्टीवर जादा पळवलं. कुरणावरच्या भावंडांच्या तुलनेत त्यांच्या अंगावर सुमारे ३० टक्के जास्त काम पडत होतं. लंगडण्याच्या तक्रारी वाढल्या नाहीत. कूर्चेतल्या जिवंत पेशींचं प्रमाण उलट चांगलं निघालं, कोलॅजेनची बांधणी वयाच्या मानाने पुढे गेलेली दिसली, पायाचं हाड थोडं जास्त भरलेलं आढळलं. पुढे यातल्या बऱ्याच घोड्यांना शर्यतीचं शिक्षण दिलं, ते शर्यती धावले आणि लहानपणच्या जादा कष्टाने त्यांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. जादा पळवलेले घोडे शर्यती जास्त जिंकू लागले, असंही कुणी म्हटलेलं नाही. एवढ्या थोड्या घोड्यांवरून तसं म्हणताही आलं नसतं.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मधला दुवा स्पष्ट दिसतो. न्यूझीलंडच्या शिंगरांचा जादा व्यायाम मोकळ्या कुरणाच्या वर होता, नेदरलँड्सच्या तिसऱ्या गटाचा व्यायाम मोकळ्या कुरणाच्या ऐवजी होता. एकात दौड हिताची झाली, दुसऱ्यात अपायाची.

शर्यतीच्या धंद्यात या संशोधनाचा सोयीचा अर्थ लावला जाण्याची भीती मला वाटते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदी पाहिल्या तर दोन वर्षांचे असताना शर्यतीत उतरलेले घोडे पुढे जास्त वर्षं धावताना दिसतात. त्यावरून ‘लहानपणी पळवा, घोडा टिकतो’ असं म्हणायचा मोह होतो. पण दोन वर्षांच्या वयात शर्यतीपर्यंत पोचतात ते मुळात निकोप घोडेच. जे आधीच लंगडले ते त्या मोजणीत येतच नाहीत. कोवळ्या वयात पाठीवर स्वार बसवून ऊर फुटेस्तोवर दौडवण्याला या आकड्यांनी परवानगी दिलेली नाही.

पुण्याच्या आसपास थरोब्रेड घोड्यांची पैदास जुनी आहे. पूनावालांचं स्टड फार्म १९४६ पासूनचं. पुण्यातला पावसाळी हंगाम आणि मुंबईतल्या महालक्ष्मीचा हिवाळी हंगाम यांत धावणाऱ्या कितीतरी घोड्यांचे पहिले महिने अशाच फार्मांवर गेलेले असतात. चांगल्या फार्मांवर घोडी आणि शिंगरू यांना हिरवी कुरणं मिळतात. शर्यतीच्या पुस्तिकेत घोड्याच्या बापाचं नाव छापतात, आईचं छापतात. पहिल्या पाच महिन्यांत तो किती एकरांत हिंडला हे मात्र छापत नाहीत. तिकडे खानदेशात, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी घोडी लांबून येतात. घेणारा दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चाल पाहतो, रंगावरून भाव चढतो. शिंगरू दावणीला वाढलं की रानात, या प्रश्नालाही त्या सौद्यात जागा मिळायला हवी. भोवऱ्यांपेक्षा त्याच्या उत्तरातून घोड्याच्या पायांबद्दल पुष्कळ जास्त कळेल.

हाडाचा स्वभाव कूर्चेहून वेगळा. हाड आयुष्यभर मोडत आणि घडत राहतं, म्हणून कुणी म्हणेल की लहानपणीच्या व्यायामाचा हाडावरचा परिणाम व्यायाम थांबला की पुसला जात असेल. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या स्टुअर्ट वॉर्डन यांनी हे उंदरांच्या मोठ्या जातीवर तपासलं. पाच आठवड्यांच्या माद्यांच्या फक्त उजव्या पुढच्या पायावर आठवड्यातून तीन दिवस, सात आठवडे, यंत्राने भार दिला. डावा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. मग ९२ आठवडे काहीही केलं नाही. उंदराच्या मानाने हा म्हातारपणापर्यंतचा काळ. २००७ मध्ये निकाल छापला. उजव्या हाडात वाढलेलं खनिज तोपर्यंत नाहीसं झालं होतं. हाडाचा आकार मात्र टिकला होता आणि ते मोडायला जवळपास २४ टक्के जास्त जोर लागत होता. सात आठवड्यांचा व्यायाम जन्मभर पुरला होता.

असं का होतं ते हाडाच्या वाढीवरून समजतं. कोवळ्या वयात भार पडला की हाड बाहेरच्या बाजूने थर चढवतं, त्याचा घेर वाढतो. म्हातारपणी हाड झिजतं ते मुख्यतः आतून. त्यामुळे बाहेरचा घेर शिल्लक राहतो, आणि तेवढंच हाड मधल्या अक्षापासून जितकं लांब पसरलेलं असेल तितकं ते वाकायला कठीण. प्रौढपणी केलेल्या व्यायामाने असा घेर वाढवणं फार अवघड जातं. वॉर्डन यांनीच पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंचे फेकीचे हात तपासले आणि २०१४ मध्ये दाखवलं की तरुणपणी कमावलेल्या दंडाच्या हाडाच्या आकाराचा सुमारे निम्मा आणि ताकदीचा सुमारे एक तृतीयांश लाभ खेळ सोडल्यानंतरही जन्मभर राहतो. फिनलंडच्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांमध्ये पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांना, उशिरा सुरुवात केलेल्यांच्या सुमारे दुप्पट फायदा हाडांत दिसला होता, तो अभ्यास १९९५ चा.

याच नियमाची सर्वांत दुःखद बाजू कोंबड्यांच्या शेडमध्ये पाहायला मिळते. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या छातीचं हाड मोडणं ही जगभरच्या कुक्कुटपालनातली मोठी समस्या आहे. एका अंड्याच्या कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि आजच्या जातींची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. तलंग अंड्यावर येते त्या सुमारास तिच्या शरीरात एक मोठा बदल होतो: अंगाचा भार पेलणारं पक्कं हाड बनणं जवळजवळ थांबतं आणि त्याऐवजी हाडांच्या पोकळीत एक वेगळं, ठिसूळ हाड साठू लागतं. ते कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचं कोठार असतं. म्हणजे पहिलं अंडं घालण्याआधी, साधारण सोळा-अठरा आठवड्यांत, जेवढं पक्कं हाड तिने कमावलं तेवढीच तिची जन्माची पुंजी. पुढे त्यातून फक्त खर्च होतो.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात टीना विडोव्स्की यांच्या गटाने याच वयावर बोट ठेवलं. काही तलंगा नेहमीच्या पिंजऱ्यात वाढवल्या, काही अनेक मजल्यांच्या मोठ्या दालनात, जिथे त्यांना उडता येत होतं, वर चढता येत होतं, दांड्यांवर बसता येत होतं. दालनात वाढलेल्यांची हाडं भक्कम निघाली, आणि अंडी देण्याच्या काळात, वयाच्या ७३ व्या आठवड्यापर्यंत, छातीचं हाड मोडलेल्या कोंबड्यांचं प्रमाण त्यांच्यात ४२ टक्क्यांच्या आसपास राहिलं, तर पिंजऱ्यात वाढलेल्यांत ६० टक्क्यांच्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४२ हाही आकडा लाज वाटावी इतका मोठाच आहे. पण चार महिन्यांच्या उड्यांनी शंभरातल्या अठरा कोंबड्यांचं हाड वाचवलं, आणि तेही वर्षभरानंतर.

युरोपीय संघाने अंड्यांच्या कोंबड्यांचे जुने उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे बाजारातली बहुतेक अंडी अजून पिंजऱ्यातलीच असतात, आणि चर्चा झाली तर ती अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पिंजऱ्याबद्दल होते. तिच्या आधीच्या चार महिन्यांकडे आपल्या पशुसंवर्धनाने आता पाहायला हवं. पिल्लांच्या शेडमध्ये बसायला चार दांड्या आणि चढायला एक उतरंड, यासाठी कारखाना उभारावा लागत नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी कुत्रा असेल, आणि शहरी घरांत बहुधा लॅब्रेडॉर. या आणि अशा मोठ्या जातींत मागच्या पायाचा खुब्याचा सांधा सैल आणि उथळ राहण्याचं दुखणं खूप असतं. पिल्लू जन्मताना खुबा ठीक असतो, बिघाड वाढीत होतो. आनुवंशिकता मोठी, पण एकटी नव्हे. नॉर्वेतल्या संशोधकांनी न्यूफाउंडलंड, लॅब्रेडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींची सुमारे पाचशे पिल्लं जन्मापासून नोंदीत ठेवली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढ-उतार केलेल्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त निघाला. त्याच वयात साखळीशिवाय, बाहेरच्या मऊ आणि उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्या पिल्लांत तो कमी होता. शेतावर जन्मलेल्या आणि वसंतात-उन्हाळ्यात जन्मलेल्या पिल्लांची स्थितीही चांगली होती. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही, म्हणून कारणाबद्दल छातीठोक बोलता येणार नाही. तरी शिंगराच्या गोष्टीशी ते किती जुळतं! हालचाल दोन्हीकडे आहे. जिन्यावर पिल्लू माणसाच्या मापाच्या पायऱ्यांना जुळवून घेतं, मातीत ते स्वतःच्या अंगाच्या मापाने खेळतं.

व्यायाम कमी पडला तर काय आणि अति झाला तर काय, याचं मोजमाप कुत्र्यांवर फिनलंडमधल्या कुओपिओ इथे १९८० आणि १९९० च्या दशकांत झालं. तरुण बीगल कुत्र्यांना रोज चार किलोमीटर पळवलं तर गुडघ्यातली कूर्चा जाड आणि सकस झाली. रोज वीस किलोमीटर पळवलं तर काही ठिकाणी तिच्यातले पाणी धरणारे रेणू घटले. काही कुत्र्यांचा एक पाय अकरा आठवडे जखडून ठेवला आणि मग पन्नास आठवडे मोकळा सोडला. वर्षभरानंतरही ती कूर्चा पूर्ववत झाली नव्हती. पिल्लाचा पाय मोडला की पशुवैद्य तो शक्य तितका लवकर हालता व्हावा म्हणून धडपडतात, त्यामागे हेही कारण आहे.

स्नायूंचं चित्र अजून पूर्ण व्हायचं आहे. ऑस्लोच्या क्रिस्तियान गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं की जोर पडल्यावर स्नायूपेशीत वाढलेली केंद्रकं, नंतर स्नायू रोडावला तरी टिकून राहतात. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात थिओडोर गारलँड यांच्या प्रयोगशाळेत दूध सुटल्यावर तीन आठवडे धावचाक मिळालेले उंदीर, पुढे सात-आठ आठवडे चाकाशिवाय राहूनही, मोठेपणी चाक दिल्यावर सुरुवातीला इतरांपेक्षा जास्त धावले. म्हणजे लहानपणच्या धावण्याने अंगात ताकद राहते, आणि धावण्याची ओढही काही प्रमाणात राहते. हे निष्कर्ष छोट्या प्राण्यांवरचे आहेत आणि ओढीचा परिणाम फार दिवस टिकलाही नाही, म्हणून त्यावर मोठा इमला मी चढवणार नाही.

या सगळ्या ज्ञानाची किंमतही सांगितली पाहिजे. उट्रेख्तच्या ४३ शिंगरांपैकी २४ पाच महिन्यांची असताना मारावी लागली, कारण कूर्चेच्या आत पाहायला दुसरा मार्ग नव्हता; उरलेल्यांची पाळी अकराव्या महिन्यात आली. मॅसीच्याही काही घोड्यांचं आयुष्य दीड वर्षाच्या वयात थांबलं. अंड्यातच लुळी केलेली पिल्लं, जखडलेले बीगल, हे वाचताना घशात आवंढा येतो. त्यातून मिळालेलं उत्तर कपाटात पडून राहिलं तर तो त्या जनावरांवर दुसरा अन्याय होईल.

आणि उत्तर वापरायला कठीण नाही. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी मुक्त संचार गोठ्याचा प्रसार बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. त्याचे फायदे सांगताना दूध, स्वच्छता आणि मजुरीची बचत यांवर भर असतो. वासराला त्याची सर्वाधिक गरज पहिल्या महिन्यांत असते, हेही आता त्या यादीत यावं. गाय दावणीला असली तरी वासराला दावं नको. चार पावलं पळायला, वळायला, एकमेकांना ढुश्या द्यायला कुंपणाचा एक तुकडा हवा. शिंगरू ठेवणाऱ्याने आजाराची किंवा थंडीची सबब सरताच ते आईसह कुरणावर सोडावं, आणि कुरण नसेल तर निदान दिवसभर उघडं आवार द्यावं. कोंडून ठेवून संध्याकाळी दहा मिनिटं पळवणं हा त्याला पर्याय नाही. तलंगा वाढवणाऱ्याने दांड्या बसवाव्यात. कुत्र्याच्या पिल्लाला तीन महिन्यांचं होईपर्यंत जिन्यावरून उचलून न्यावं आणि खाली मातीत, गवतात मोकळं सोडावं.

येत्या वर्षात ज्यांच्या घरी एखादं पिल्लू, वासरू किंवा शिंगरू येणार असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. विकणाऱ्याला आईबाप विचारा, लसी विचारा, आणि त्यानंतर हेही विचारा की आजवर याला कुठे ठेवलं होतं आणि किती मोकळं सोडत होतात. ती जागा स्वतः जाऊन पाहा. उत्तर पटलं नाही, तर ते जनावर घेऊ नका.